पान हलू नये, पाय थांबू नये

मित्रांनो, मी एक जुना टाळ आहे. 'एक' म्हणतो खरा, पण मोजाल तर आम्ही दोघे निघतो. काशाच्या दोन वाट्या, त्यांच्या पोटातून ओवलेली एक दोरी आणि दोघांत मिळून एकच नाव. आमच्या कुंभकोणमात लोक मला जालरा म्हणतात. मी जिथे राहतो त्या सुंदररावांच्या घरात मात्र पिढ्यान् पिढ्या मराठी बोलतात, म्हणून तिथे मी टाळ. दोन्ही हाकांना मी ओ देतो.

माझा जन्म गावाबाहेरच्या एका ओतशाळेत झाला. कावेरीकाठच्या मातीचा साचा, त्यात ओतलेलं लाल रसरशीत कांसं आणि मग किती तरी दिवस नुसतं घासणं. शेवटी म्हाताऱ्या कारागिराने मला उचललं. आधी दणकन वाजवलं, मग कडेला कड नुसती टेकवली आणि डोळे मिटून तो ऐकत बसला. "जोरात काय, कुठलंही भांडं वाजतं," तो मुलाला म्हणाला. "बारीक वाजतं का, ते बघायचं." मी वाजलो. मला बाजूच्या फळीवर ठेवलं गेलं, आणि माझ्यासोबतची दोन जोडपी पुन्हा भट्टीत गेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती म्हणजे काय ते कळलं.

तिथून मला शामसुंदररावांनी नेलं. ते कथेकरी होते. मित्रांनो, तुम्ही कधी कथा ऐकली आहे का? गाऊन सांगितलेली देवाची गोष्ट? ऐकली नसेल तर ऐकाच. गळ्यात हार, हातात चिपळ्या, कथेकरी उभा राहतो. गोष्ट तमिळमध्ये चालू असते, आणि मध्येच तो मराठी साकी नाहीतर दिंडी, म्हणजे जुन्या चालीचं पद, उचलतो. समोरच्या निम्म्या लोकांना शब्द कळत नाहीत, तरी डोळे सगळ्यांचेच भरतात. हे कसं होतं ते मला इतक्या वर्षांत उमगलेलं नाही. देवाचंच काम असणार ते.

माझी जागा कथेकऱ्याच्या डाव्या खांद्यामागे. नरसिंह खांबातून बाहेर पडला की मी असा कडाडायचो की मांडीवरची पोरं दचकून उठायची. आणि सुदाम्याची पोह्यांची पुरचुंडी सुटताना मी जेमतेम किणकिणायचो. तेवढ्यानेच सभा पुढे झुकायची. जोर आणि नाजूकपणा, या दोन पायांवर कथा चालते.

शामसुंदररावांनंतर त्यांचे चिरंजीव सुंदरराव कथा करू लागले. आवाज असा की मंडपाच्या मागे उभा असलेला फुलवालाही दोरा ओढायचा थांबायचा. पंचेचाळीस वर्षं मी त्यांच्यामागे वाजलो. मग मागचे गाणारे एकेक करून कमी झाले. कोणी देवाघरी गेले, कोणी मुलांकडे चेन्नईला गेले. आणि दोन वर्षांपूर्वी सुंदररावांचा गळा बसला तो उठलाच नाही. तंजावूरच्या मोठ्या दवाखान्यात त्यांच्या स्वरतंतूंवरची एक गाठ काढली. मी सुपारीच्या डब्यात गेलो. दोरी तुटली. अंगावर हिरवट डाग चढले. डब्यात अंधार होता, पण त्याचं मला फारसं वाटलं नाही. घरात कोणी गात नव्हतं, ते सोसवत नव्हतं.

मला बाहेर काढलं ते गोमतीने. गोमती ही सुंदररावांची मुलगी. ती एका प्राथमिक शाळेत संगीत शिकवते. तिने मला लिंबाने चोळलं, जाड सुती दोरी घातली आणि एका सोमवारी पिशवीत घालून तिसरीच्या वर्गात नेलं.

त्या आठवड्याचा धडा होता संगीतातला मोठा आवाज आणि लहान आवाज.

"कोण वाजवणार?" गोमतीने विचारलं.

चौतीस हात वर झाले. वर्गात सतराच मुलं होती. गोमतीने मला शरण्याच्या हातात दिलं, आणि मित्रांनो, माझ्या आयुष्यात मला इतकं जोरात कोणी मारलं नव्हतं. खिडकीवरचं कबूतर उडालं. शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले.

"मिस, काय पडलं?"

"काही नाही सार. संगीत चाललंय."

शरण्या आठ वर्षांची, चोळपुरमहून व्हॅनने येणारी, दोन घट्ट वेण्या घालणारी मुलगी. तिचे आजोबा ठार बहिरे. त्यांना जेवायला बोलवायचं तर ओट्यावरून ओरडावं लागे, आणि ते काम घरात हिचंच. मोठ्याने बोलणं म्हणजे तिच्या लेखी कोणाचं तरी चांगलं करणं होतं. मग ती हात आखडता कशाला घेईल?

गोमती धीराची शिक्षिका. आधी तिने मोठा आवाज वाजवून घेतला. मग बोट ओठांवर ठेवून म्हणाली, "आता मेदुवा."

शाळेत सगळे तमिळच बोलतात. मेदुवा म्हणजे आपलं हळू. शरण्याने मान डोलावली आणि मला वाजवलं. टण्ण. मग थांबली. बराच वेळ थांबली. पुन्हा टण्ण. जोर तोच होता, फक्त दोन टण्णांच्या मध्ये एक चहा पिऊन झाला असता.

मुलं हसली. गोमतीही हसली. तिला वाटलं, पोरीची गंमत चालली आहे. तिथे ती चुकली. मलाही तेव्हा काही कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी काय, बोलणार थोडाच होतो!

पुढच्याच महिन्यात हरिकृष्णराव घरी आले. आमच्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या भजनमठाचे ते चिटणीस, सुंदररावांचे लहानपणापासूनचे मित्र. दोघे एकमेकांना अरेतुरे करतात आणि तिसऱ्यासमोरही लाजत नाहीत.

"सुंदर, गोकुळाष्टमीला मठात कथा नाही असं दोन वर्षं झालं. लोक मला विचारतात. मी काय सांगू?"

"सांग की, कथेकऱ्याचा गळा कापला," सुंदरराव म्हणाले. शस्त्रक्रियेनंतर त्यांचा आवाज असा झाला होता, जुन्या रेशमासारखा. सुंदर, पण ओढलं तर फाटेल.

"डॉक्टर काय म्हणतात?"

उत्तर गोमतीने दिलं. "चाळीस मिनिटं म्हणतात. बोलण्याच्या आवाजात गायचं. ताण दिला, ओरडले, तर तंतू पुन्हा फाटतील. मग दुसऱ्यांदा काही करता येणार नाही म्हणाले. साधं बोलणंसुद्धा राहील की नाही, सांगता येत नाही."

 

"मागे धरायला माणसं नाहीत," हरिकृष्णराव हळूच म्हणाले. "एकट्याने चाळीस मिनिटं कशी ओढशील?"

"माझी मुलं आहेत ना," गोमती म्हणाली. "तिसरीची. पालुपद ती उचलतील. अप्पांना श्वास घ्यायला तेवढी जागा मिळेल."

सुंदररावांनी लेकीकडे पाहिलं. त्या नजरेत किती भूक होती, मित्रांनो! दोन वर्षं ज्या माणसाने देवासमोर तोंड उघडलं नव्हतं, त्याची ती भूक होती.

"करूया गे," ते म्हणाले.

कथा ठरली कृष्णजन्माची. बंदिशाळेची दारं उघडतात, पहारेकरी झोपतात, वसुदेव बाळाला टोपलीत घेऊन निघतो आणि समोर यमुना फुगलेली. तिथलं पालुपद सुंदररावांनी मुलांसाठी स्वतःच रचलं:

पाऊल वाजू नये, बाळ जागू नये,
वाट दे यमुने, वाट दे.

मुलांनी ते दोन दिवसांत पाठ केलं. अष्टमीच्या तीन दिवस आधी शाळा सुटल्यावर सगळी मुलं मठात तालमीला आली. सुंदरराव मध्ये उभे, मुलं त्यांच्याभोवती अर्धवर्तुळात, आणि टाळ शरण्याकडे. दुसऱ्या कोणाला टाळ द्यावा असं गोमतीच्या मनात होतं, पण शरण्याचा ताल पक्का होता. घड्याळ चुकेल, ती चुकायची नाही.

सुंदररावांनी पहिली ओळ घेतली. मुलांनी पालुपद उचललं.

आणि मठ हादरला.

वर माईक होता, पण माईक बिचारा काय करणार? तो सुंदररावांचा आवाज जितका उचले तितकाच मुलांचाही उचले. सतरा मुलं आणि मी. आमच्याखाली सुंदररावांची पुढची ओळ गडप झाली. ती ऐकू यावी म्हणून त्यांनी आवाज चढवला. जन्मभराची सवय ती. गळ्याची शीर फुगलेली मला दिसली. गोमतीलाही दिसली.

"मेदुवा!" ती ओरडली. "मेदुवा, मेदुवा!"

मुलं गुणी होती. त्यांनी लगेच ऐकलं. सगळी एकदम मंदावली. पा... ऊल... वा... जू... न... ये... जोर तसाच राहिला, फक्त गती बैलगाडीची झाली.

आता सुंदररावांची ओळ लांब होती. एका श्वासात म्हणायची, तालाच्या मापाने बेतलेली. ताल ताणला गेला तसा श्वास पुरेना. अर्ध्या शब्दावर आवाज चिरकला, खोकला आला आणि ते गळ्यावर हात ठेवून खाली बसले.

हरिकृष्णराव धावत पाणी घेऊन आले. सुंदरराव दोन घोट प्यायले.

"पुरे झालं," हरिकृष्णराव म्हणाले. "माझीच चूक. मी विचारायलाच नको होतं. जुनी ध्वनिफीत लावूया, सुंदर. तुझाच आवाज आहे. लोक ऐकतील."

सुंदररावांनी मान खाली घातली. नाही म्हणाले नाहीत. हे मला खोकल्यापेक्षा वाईट वाटलं.

गोमती मुलांकडे वळली. रागावलेली गोमती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली. "किती वेळा सांगितलं? मेदुवा म्हटलं की कळत नाही का तुम्हाला? शरण्या, टाळ तुझ्या हातात, तूच नीट नाही केलंस तर बाकीचे काय करतील?"

शरण्याचा खालचा ओठ पुढे आला. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती.

"मिस, तुम्ही मेदुवा म्हणालात. मी मेदुवाच केलं. अजून किती मेदुवा करू? मग वसुदेव पोहोचणारच नाही!"

मागून रम्या म्हणाली, "खरंच मिस, मला तर झोपच आली."

दोन-तीन मुलं फिसकन हसली आणि घाबरून गप्प झाली. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला. सुंदरराव हसत होते. खांदे हलत होते, पण आवाज ते जपून वापरत होते.

"गोमती, पोरगी खरं बोलते गे. मेदुवा म्हणजे आवाज कमी कर, आणि मेदुवा म्हणजे सावकाश जा. एकच शब्द. आपल्या मराठीत तरी काय वेगळं? हळू बोल, हळू चाल. तू एक मागितलंस, त्यांनी दुसरं दिलं. यात मुलांचं काय चुकलं?"

गोमती शरण्यासमोर खाली बसली. तिला तो सोमवार आठवला असणार, टण्ण आणि मग लांबलचक थांबणं. महिनाभर ती हा शब्द वापरत होती. संगीताची शिक्षिका होती ती! तिने शरण्याला जवळ ओढलं. "चुकलं माझं, कण्णा, माझ्या सोन्या."

"वसुदेव कसा गेला असेल, सांगा बघू," सुंदररावांनी मुलांना विचारलं. ते इतक्या खालच्या आवाजात बोलत होते की सतराही मुलं गुडघ्यांवर पुढे सरकली. "सावकाश गेला असता तर?"

"उजाडलं असतं!"

"आणि धाडधाड पाय आपटत गेला असता तर?"

"पहारेकरी उठले असते!"

"मग?"

मुलं विचारात पडली. शरण्याचे डोळे मोठे झाले. "भरभर," ती म्हणाली. "भरभर, पण चोरासारखा."

"बाळाच्या बापासारखा," सुंदररावांनी दुरुस्ती केली. "पण बरोबर."

मग त्यांनी आपल्या पानाच्या डब्यातून विड्याची कोवळी पानं काढली. आमच्या गावची पानं नामांकित, हे तुम्हाला ठाऊक असेल. प्रत्येकाच्या हातात देठ धरून एक पान दिलं. "ओठांपासून वीतभर लांब धरा, लोंबतं. पालुपद म्हणा. पायाने ताल धरा. पाय थांबला तर वसुदेव थांबला. पान हललं तर बाळ जागं झालं."

पहिल्या खेपेला सतरा बाळं जागी झाली. 'पाऊल' मधला 'प'च घात करायचा. दुसऱ्या खेपेला अकरा. पानं जपायला गेलं की पाय रेंगाळायचे, पाय सांभाळले की पानं फडफडायची. मोठ्याने आणि भरभर ही जोडी मुलांच्या अंगात अशी मुरलेली होती की सोडवता सुटेना. हरिकृष्णराव कोपऱ्यात उभे राहून स्वतःही एक पान धरून बघत होते. त्यांचं बाळ प्रत्येक खेपेला उठत होतं.

"ध्वनिफीत मी तयार ठेवतो," जाताना ते गोमतीला म्हणाले. "रागावू नकोस. तो तुझा बाप आहे तसा माझा मित्र आहे."

पुढचे दोन दिवस गोमतीच्या वर्गात 'मेदुवा' शब्दाला बंदी होती. आवाज कमी हवा असेल तर 'बारीक', गती कमी हवी असेल तर 'सावकाश'. मला कसं वाजवायचं ते गोमतीने शरण्याला निराळं शिकवलं. मोठा आवाज हवा तर तोंडाला तोंड, सगळी वाटी. बारीक हवा तर वरच्या वाटीची कड खालच्या कडेला नुसती शिवायची. "हात कमी उचल. पण वेळेवर उचल." शरण्या दात ओठ खाऊन करायची. बारीक वाजवायला किती ताकद लागते, ते तिच्या कपाळावरच्या घामाने मला सांगितलं. दहा वेळा करून सात वेळा जमायचं. सात म्हणजे दहा नव्हेत, आणि सुंदररावांचा गळा एकच होता.

अष्टमीच्या संध्याकाळी मठ भरून गेला. पार आडुतुरैहून लोक आले होते. सुंदरराव उभे राहिले, तशी पुढच्या रांगेतल्या काही म्हाताऱ्यांनी नुसतेच हात जोडले. त्यांच्याही मनात तीच धास्ती असणार. गोमती पेटीवर बसली होती. तिथून तिला शरण्या दिसत होती, पण बोलता येणार नव्हतं. हरिकृष्णराव खांबाशी उभे होते आणि त्यांच्या हातात ध्वनिफितीचा मोबाइल होता.

कंसाचा दरबार झाला. तिथे मुलांनी आणि मी दणका उडवून दिला, कारण तिथे सुंदरराव नुसते हावभाव करत होते. पंचवीस मिनिटं गेली. मग बंदिशाळेचं दार उघडलं.

सुंदररावांनी ओळ घेतली. थकव्याने आवाज आता धाग्याएवढा उरला होता. मुलांनी पालुपद उचललं. चांगलं उचललं, बारीक, भरभर. पण मठातले पंखे घरघरत होते, मागे कोणाचा तरी फोन वाजला आणि धागा दिसेनासा झाला. सुंदररावांनी मान वर केली. आवाज चढवायच्या आधी ते नेहमी तशीच मान वर करतात. पेटीवरची गोमतीची बोटं क्षणभर अडखळली.

ते हरिकृष्णरावांनीही पाहिलं. मित्राच्या काळजीने त्यांचा जीव कासावीस झाला. ते खांबाआडून अर्धे पुढे आले, दोन्ही पंजे खाली दाबत मुलांना म्हणाले, "मेदुवा! पसंगळा, अरे पोरांनो, मेदुवा!"

मित्रांनो, माझं कांसं थंड पडलं.

मठाचे चिटणीस, एवढे मोठे गृहस्थ, सांगत आहेत. मुलं ऐकणार नाहीत तर काय करतील? रम्याचा पाय रेंगाळला. तिच्या शेजारच्या विश्वेशचा रेंगाळला. 'वाजू' चा 'वा' लांबू लागला. सुंदररावांच्या छातीत ओळीपुरता श्वास भरलेला मला दिसत होता. ताल ताणला तर तो मध्येच संपणार आणि मग ते ओढणार.

शरण्याने हरिकृष्णरावांकडे पाहिलं. मग सुंदररावांच्या पाठीकडे पाहिलं. तिची बोटं माझ्या दोरीवर घट्ट झाली. मोठ्या माणसाचं न ऐकणं तिला किती जड गेलं, ते मला त्या बोटांतून कळलं.

तिने हात कमी उचलला. पण वेळेवर उचलला.

किण.

किण. किण. किण.

कडेला कड. इतका बारीक मी कारागिराच्या हातातही वाजलो नव्हतो. पण ताल तोच, तसूभर ढळला नाही. विश्वेशने ते ऐकलं आणि त्याचा पाय जागेवर आला. मग रम्याचा. मग सतराही पायांनी एकच ताल धरला, आणि वरून आवाज इतका खाली आला की पंखेच मोठे वाटू लागले. कोणीतरी उठून पंखे बंद केले. मठभर गरम हवा दाटली, पण एकही माणूस हलला नाही.

सुंदररावांची मान खाली आली. त्यांनी आवाज चढवला नाही. चढवायची गरजच उरली नव्हती. त्या धाग्याएवढ्या आवाजात ते यमुना ओलांडून गेले आणि मागची रांग पुढे वाकून ऐकत होती.

गोकुळात बाळ पोहोचलं तेव्हा त्यांनी तोंड मिटलं, वळले आणि दोन्ही हात उंच करून मुलांना खूण केली. आता मोठ्याने! मग काय विचारता! "आला गोविंद, आला!" शरण्याने मला तोंडाला तोंड असं मारलं की त्या दिवशी तिच्या बहिऱ्या आजोबांनीही, पहिल्या रांगेत बसून, टाळी धरली.

पण मित्रांनो, भीती तिथे संपली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की कथेनंतर एक शब्दही बोलायचा नाही. गळ्याने काय निभावलं आणि काय नाही, ते सकाळी कळेल. सुंदरराव खुणा करत घरी आले. गोमती रात्रभर कूस बदलत होती.

सकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेला होतो. गोमती मिक्सरमध्ये चटणीचं खोबरं वाटत होती. सुंदरराव हातात काफीचा पेला घेऊन दारात आले. तिच्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले.

काहीच ऐकू आलं नाही.

गोमती वळली. पुन्हा ओठ हलले. पुन्हा काही नाही. तिचा हात ओट्यावर चाचपडत गेला, बटण सापडलं, आणि मिक्सर थांबला.

"...विचारतोय केव्हापासून," सुंदरराव म्हणत होते, त्याच जुन्या रेशमी आवाजात, "काफीत साखर घालायची राहिली का गे?"

गोमती तिथेच, खोबऱ्याच्या हातांनी, हसत हसत रडू लागली. सुंदररावांना काही केल्या कळेना की साखरेत रडण्यासारखं काय आहे.

तर मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखा जुना टाळ घरात सापडला तर त्याला डब्यात कोंडू नका. कोरड्या फडक्याने पुसा, दोरी झिजली की बदला, आणि जोरात वाजवाच, त्यासाठीच आम्ही आहोत. पण जिथे कोणी बारीक आवाजात काही सांगत असेल, आजोबा असतील, वर्गात मागच्या बाकावरची मुलगी असेल, तिथे "मोठ्याने बोला की" असं म्हणण्याआधी आपला मिक्सर बंद करा.